ताऱ्याच्या गाण्याचा वेग

४ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार.

अक्षराला नावं ठेवू नका, डाव्या हातानं लिहितेय. उजवा गळ्यात झोळीत अडकवलाय. शाळेच्या वाचनालयात फरशी पुसली होती. शिपायानं 'फरशी ओली आहे' अशी पाटी ठेवली होती. ती नीट दिसेना म्हणून जवळ गेले आणि घसरले.

काम असं आहे, की नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये नाताळगीतांची उपासना असते आणि यंदा ऑर्गन वाजवायला कोणी नाही. चर्च तुम्ही पाहिलेलंच आहे, त्यात काही वाढलेलं नाही. गाणारे सात जण. शिंपीकाका अजून वरच्या पट्टीत गातात, तुमचे दादा अजून खालच्या.

तुम्ही ईस्टरच्या सकाळी भर गाण्यात ऑर्गनचं झाकण लावून निघून गेलात, त्याला बारा वर्षं झाली. त्यानंतर त्या स्टुलावर मला बसवलं, कारण मी सगळ्यांत जवळ बसले होते. मला तेव्हा काही येत नव्हतं. आता थोडं येतं. पण एका हातानं नाही येत.

तुम्ही याल का?

ह्यांना मी अजून विचारलेलं नाही. उत्तर वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवा. घरी फोन करू नका. फोन ह्यांच्या खुर्चीशेजारी आहे आणि निवृत्त झाल्यापासून हे खुर्चीतच असतात.

तुमची,
वहिनी


१० नोव्हेंबर

वहिनी,

नमस्कार. हात लवकर बरा होवो. मी येणार नाही.

दादा त्या दिवशी सगळ्यांसमोर काय म्हणाला ते तुम्हीही ऐकलंत. "जरा सावकाश. हे चर्च आहे, लग्नाचा हॉल नाही." मी लग्नाच्या हॉलमध्येच वाजवतो. बँडमध्ये अकॉर्डियन. त्यावर माझं घर चालतं, हे त्याला माहीत होतं. जन्मभर वजनमापं तपासणाऱ्या माणसाला गाणंही तराजूत घालावंसं वाटणार, हे मी समजू शकतो. मला त्या पारड्यात बसायचं नाही, एवढंच.

शिवाय त्या संध्याकाळी फर्निचरच्या एका दुकानाचं उद्घाटन आहे. आम्ही सोफ्यांच्या मधे उभं राहून वाजवायचंय. सोफ्यावर बसायचं नाही अशी अट आहे.

तुमचा,
धाकटा


१५ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. सोफ्यांबद्दल वाईट वाटलं.

इकडे आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांचा कीबोर्ड देऊ केलाय. त्याचं एक बटण दाबलं की तो आपोआप वाजतो, ड्रमसकट. बंद करायचं बटण कुठलं ते डॉक्टरांना सापडलेलं नाही. रविवारी तो प्रार्थना चालू असताना मधेच सुरू झाला. पाळकांनी थोडा वेळ डोळे मिटून वाट पाहिली, मग उठून वायर काढली. दिवंगतांसाठी प्रार्थना चालू होती.

तेव्हा मी परत विचारतेय. या.

आणि आलात तर एक विनंती आहे. जलद वाजवा. तेव्हा वाजवायचात त्याहूनही थोडं जलदच. कारण विचारू नका. चर्चमध्ये थंडी असते आणि लोकांना लवकर घरी जायचं असतं, असं समजा.

तुमची,
वहिनी


२१ नोव्हेंबर

वहिनी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं मीच चुकीचं वाचतोय.

ज्या गोष्टीवरून भांडण झालं, तीच गोष्ट, त्याच ठिकाणी, त्याच माणसासमोर, आणखी जोरात करायला तुम्ही मला बोलावताय. तुमचं आणि दादाचं काही बिनसलं असेल तर तुम्ही दोघं एका घरात राहता, समोरासमोर बसून बोला. त्यासाठी मला बसचं तिकीट काढायला लावू नका.

तुम्ही माझ्याशी नेहमी चांगल्या वागलात, म्हणून अजून नम्रपणे लिहितोय.

तुमचा,
धाकटा

ता. क. तुमचं अक्षर एकदम सुधारलंय. डाव्या हाताचं असेल तर अभिनंदन.


२६ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

बरं. ऐका.

ह्यांना श्वास पुरत नाही. एप्रिलमध्ये छातीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. मला बाहेर बसवलं. त्या दवाखान्याचं दार नीट लागत नाही. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कडक होत चाललीत, त्याला औषध नाही, हळूहळू वाढणार. ह्यांनी विचारलं, "हळूहळू म्हणजे किती?" डॉक्टरांना सांगता आलं नाही. बाहेर येऊन हे मला म्हणाले, "साधा खोकला आहे. आणि हा डॉक्टर काही बरोबर वाटत नाही." मी म्हटलं, "हो का."

तेव्हापासून घरात साधा खोकलाच आहे.

ताऱ्याचं गाणं तुम्हाला आठवत असेल. त्याचं शेवटचं कडवं पुरुषाच्या एकट्या आवाजात असतं. आधी मामंजी म्हणायचे, त्यांच्यानंतर हे. गेल्या नाताळात हे ओळीच्या मधेच थांबले आणि खोकल्याचं सोंग केलं. लोकांना खरं वाटलं. यंदा रोज सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून ते कडवं म्हणून बघतात. नळ कितीही मोठा सोडला तरी कुठं तुटतं ते बाहेर ऐकू येतं. मी पोळपाट खालीवर करत आवाज करते, म्हणजे ह्यांना वाटावं मला ऐकू येत नाही.

सावकाश म्हटलं तर ओळ पुरी होत नाही. जलद म्हटलं तर होईल. पण हे स्वतःहून कधीच जलद म्हणणार नाहीत, ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि मी वाजवताना जरा वेग वाढवला तर हे माझ्याकडे बघतील आणि मला सगळं कळलंय हे ह्यांना कळेल. भाऊजी, तुम्ही जलद वाजवलंत तर तो तुमचा जुना दोष. मी वाजवलं तर ती दया. दोष ह्यांना चालतो.

पुढच्या नाताळात हे उभे राहून गातील असं मला वाटत नाही.

हाताचं विचारू नका.

तुमची,
वहिनी


३० नोव्हेंबर

वहिनी,

येतो.

सोफ्यांचं काम आमच्या क्लॅरिनेटवाल्याच्या गळ्यात मारलं. तालीम कधी ते कळवा. मी येतोय हे दादाला आधी सांगून ठेवा. मला एकदम समोर बघून त्याचा आहे तो श्वासही जायचा.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन लांब होती.

धाकटा


१४ डिसेंबर

वहिनी,

तुम्ही वाचनालय बंद करून पोचलात तेव्हा तालीम उरकत आली होती, आणि नंतर दादासमोर काही बोलता आलं नाही. म्हणून लिहितो.

मी आत गेलो तेव्हा दादा शेवटच्या रांगेत बाकाची पाठ धरून उभा होता. बारीक झालाय. कोट तोच आहे, आत माणूस कमी आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही, हे सगळं न बघताच लिहितोय.

पहिली दोन गाणी मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे वाजवली. दुसरं संपल्यावर दादा शिंपीकाकांना म्हणाला, "त्यांना सांगा, वेग जास्त आहे."

आमच्यामधे जेमतेम चार बाकं होती. शिंपीकाका माझ्याकडे वळले. "वेग जास्त आहे म्हणतात."

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "त्यांना सांगा, ऑर्गनचा भाता गळतोय. सावकाश वाजवलं की हवा पुरत नाही, सूर मधेच बसतो. आता हा असाच वाजणार."

"भाता गळतोय म्हणतात."

"ऐकलं मी," दादा म्हणाला.

मग तो पुढे आला. प्रत्येक बाकाशी थांबत आला, जणू बाकं तपासायला निघालाय. गुडघे टेकून खाली बसला, ऑर्गनच्या खालची फळी काढली आणि भात्यावर हात ठेवला.

"वाजव," म्हणाला.

बारा वर्षांत माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. मी पाय मारायला लागलो. वहिनी, भाता धडधाकट आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. दादानं बराच वेळ हात तसाच ठेवला. त्याचा श्वास मला भात्यापेक्षा जास्त ऐकू येत होता. मग ऑर्गनला धरून उठला आणि गाणाऱ्यांना म्हणाला, "गळतोय. जलद म्हणावं लागेल. वाद्याचाच प्रश्न आहे." आणि आला तसा, बाक बाक करत मागे गेला.

फसला का, ते मला माहीत नाही. ज्यानं जन्मभर दुकानदारांची खोटी वजनं नुसती हातात घेऊन ओळखली, त्याला भाता कळू नये, हे कठीणच. पण वयानं हात बधिर होतात. मी तेच धरून चाललोय.

धाकटा


१८ डिसेंबर

प्रिय भाऊजी,

घरी येऊन म्हणाले, "ऑर्गन खराब झालाय."

मी म्हटलं, "हो का."

म्हणाले, "इतकी वर्षं वाजवतेस, तुला कळलं नाही?"

मी म्हटलं, "मला कुठं तेवढं कळतं."

मग जेवले. नीट जेवले. दुसऱ्या दिवसापासून बाथरूमचा नळ बंद आहे. आता बैठकीच्या खोलीत, खुर्चीत बसून, उघड्यावर म्हणतात. जलद. मधेच मला हाक मारून सांगतात, "हा वेग चुकीचा आहे, पण इलाज नाही."

पाळकांनी भाता दुरुस्त करायला मिस्त्रीला बोलवायचं ठरवलं होतं. ह्यांनी मोडता घातला. म्हणाले, नाताळ होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, आहे तेही बिघडेल. पाळक नवीन आहेत, ऐकतात.

तुमच्याबद्दल एकदाच बोलले. "पाय चांगले चालतात त्याचे," म्हणाले.

पण एक अडचण आहे. जलद म्हणूनही शेवटचं कडवं पुरं होत नाही. तिसरी ओळ संपता संपता हे पार रिकामे होतात आणि चौथी लगेच उचलायची असते. तिथं काय करायचं? गाणाऱ्यांना सांगून सगळ्यांनी मिळून म्हणायचं, तर हे गातच नाहीत.

वहिनी


२१ डिसेंबर

वहिनी,

चौथ्या ओळीचं माझ्यावर सोडा. एवढ्या लग्नांत वाजवलं, पण नवरामुलगा वेळेवर आल्याचं मला आठवत नाही. तो दिसेपर्यंत सुरांचा एकच तुकडा फिरवत ठेवायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की गाणं असंच आहे. आमच्या धंद्यात यालाच वाजवणं म्हणतात.

फक्त माझी पाठ दादाकडे असणार. तुम्ही पानं उलटायला शेजारी बसा. तो तयार झाला की माझ्या खांद्याला हात लावा. नाही झाला तर लावू नका. मी थांबणार नाही.

धाकटा


२६ डिसेंबर

प्रिय भाऊजी,

उपासना संपल्यावर मी वळून बघते तर तुम्ही गायब. शेवटची बस होती हे खरं, पण चहा तरी घ्यायचात. दातांच्या डॉक्टरांच्या बायकोनं केलेला केक उरला. तो दरवर्षी उरतो.

तुमची पाठ होती, म्हणून मी काय पाहिलं ते लिहिते.

आधीच्या गाण्यांना हे नुसते ओठ हलवत होते. श्वास राखून ठेवत होते. मला वाटलं कुणाला कळेल, पण शिंपीकाका ह्यांच्या वाटचंही गात होते. इतके मोठ्यानं, की पुढच्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं.

ताऱ्याच्या गाण्याचं शेवटचं कडवं आलं. ह्यांनी पहिली ओळ धरली. दुसरी धरली. भाऊजी, आवाज लहान झालाय पण सूर तिथंच आहे. तिसरी संपली आणि हे थांबले. तोंड उघडं, छाती वर जाते आणि आत काही जात नाही. बाक धरलेली बोटं पांढरी झाली होती. ह्यांचे डोळे माझ्याकडे लागले होते.

तुम्ही तो छोटा तुकडा वाजवलात. परत वाजवलात. मग परत, पण जरा वरच्या सुरात, मग खालच्या. मला तुमच्या खांद्याला हात लावायचा होता आणि मी लावत नव्हते, आणि तुम्ही फिरवत राहिलात, जसं काही घाई कुणालाच नाही. पाळक मान डोलवत होते. डॉक्टरांनी डोळे मिटले होते. चर्चमध्ये एकालाही वाटलं नाही की काही अडलंय.

मग ह्यांनी श्वास घेतला. मला तो दिसला, खांद्यापासून. मी हात लावला. ह्यांनी चौथी ओळ म्हटली. पुरी म्हटली. शेवटचा सूर मामंजी धरायचे तितका नाही धरला, पण सोडला तो ह्यांनी स्वतः सोडला, तुटला नाही.

मग बसले. गाणं चालू असताना हे बसलेले मी कधी पाहिले नाहीत.

पुढचं पान उलटायचं मी विसरलेच. तुम्ही ते न बघताच वाजवलंत. नंतर आठवल्यावर जी घाईघाईनं पानं उलटली ती उजव्या हातानं. डॉक्टरांच्या बायकोनं पाहिलं. "हात बरा झाला?" म्हणाली. मी म्हटलं, "नाताळ आहे, चमत्कार होतात." पाळकांना हे आवडलेलं दिसलं नाही.

सगळे चहाला गेल्यावर हे दिसेनात. शोधलं तर बाहेर फाटकाशी उभे, कोट न घालता, बसच्या रस्त्याकडे तोंड करून. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाले, "काही नाही. हवा खायला आलो." तुमची बस तेव्हा गेलेली होती.

घरी येईपर्यंत माझा हात धरून चालले. डावा.

तुमची,
वहिनी


२ जानेवारी

धाकट्या,

पत्ता शिंपीकाकांकडून घेतला.

उपासनेतल्या वादनाबद्दल काही मुद्दे. मेंढपाळांचं गाणं फारच जलद झालं, त्यातली मेंढरं पळत सुटल्यासारखी वाटली. दुसऱ्या गाण्याचा वेग सहन करण्याजोगा होता. ताऱ्याच्या गाण्याला तो वेग शोभत नाही, आणि शेवटच्या कडव्यात तू मधेच जे काही केलंस ते मूळ चालीत कुठंही नाही. पाळकांना ते फार आवडलं. त्यांना चाल माहीत नाही.

भाता मी तपासला होता. त्यात काही बिघाड नाही. नोकरीत मी एकही खोटं माप पास केलं नव्हतं. निवृत्तीनंतर एक केलं.

तुला कसं कळलं ते विचारत नाही. पहिल्याच गाण्यात माझा आवाज ऐकून कळलं असणार. कान तुझा लहानपणापासून माझ्यापेक्षा चांगला, असं बाबा म्हणायचे. मला ते तेव्हा पटलं नव्हतं.

तुझ्या वहिनीला यातलं काही माहीत नाही. ती साधा खोकला समजते. तिला कळू देऊ नकोस. ती बोलत नाही, पण काळजी करत बसते, आणि आधीच तिचा हात अजून धड झालेला नाही. मी जवळ नसलो की खुशाल वापरते आणि मी आलो की झोळीत घालते. वेदना लपवते माझ्यापासून.

लग्नाच्या हॉलबद्दल मी बोललो ते वेगाबद्दल होतं. तुझ्याबद्दल नव्हतं. बोलताना ते वेगळं आहे असं मला वाटलं होतं.

ईस्टरला ये. मला तेव्हा गाता येईल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत, त्यामुळे तालमी लवकर सुरू कराव्यात असं माझं मत आहे. वेग चुकीचा आहे. तोच ठेव.

दादा


९ जानेवारी

वहिनी,

तुम्हाला हे पत्र आता वाचनालयातच मिळेल. घरी पाठवणार होतो, पण राहू दे.

दादाचं पत्र आलं. वेगाबद्दल तक्रार आहे. मेंढपाळांचं गाणं त्याला पसंत पडलं नाही. बाकी विशेष काही नाही. खोकला आहे म्हणतो, साधा. तुमच्या हाताची मात्र त्याला फार काळजी वाटते, तेव्हा झोळी एवढ्यात काढू नका.

तुम्ही बाहेर फाटकाचं लिहिलंत ते मी बऱ्याचदा वाचलं. बसमधून मला फाटकाशी कुणीतरी उभं असलेलं दिसलं होतं. कोट नव्हता, म्हणून दादा नसेल असं वाटलं. ड्रायव्हरला थांबवायला हवं होतं.

त्यानं ईस्टरला बोलावलंय. ईस्टरला अजून वेळ आहे. मी या शनिवारीच येतो, आणि मग दर शनिवारी. बँडवाल्यांना सांगितलंय की मला चर्चमध्ये काम लागलंय. त्यांचा विश्वास बसलेला नाही. अकॉर्डियन आणेन, तालीम घरीच घेऊ, म्हणजे दादाला खुर्चीतून उठावं लागणार नाही. सगळी गाणी नव्यानं बसवावी लागतील. तो प्रत्येक ओळीला अडवणार, आणि अडवलं की तेवढा वेळ श्वास घ्यायला मिळतो. मी भरपूर चुका करेन.

जेवायला थांबेन.

मी दुपारी बेल वाजवली की तुम्ही उठू नका. दार दादाला उघडू दे. खुर्चीपासून दारापर्यंत यायला त्याला वेळ लागेल, मधे टेबलापाशी थांबावं लागेल, ते मला कळतं. मी परत बेल वाजवणार नाही. बाहेर उभा राहीन, कितीही वेळ लागला तरी.

तुमचा,
धाकटा